घोड्यापुढचं प्यादं

बुद्धिबळाचा डाव मी जन्मात कधी मधून सुरू केला नाही. माझी पहिली चाल ठरलेली. आपल्या डाव्या हाताला जो घोडा उभा असतो ना, त्याच्या पुढचं प्यादं मी काढते. ते सरकलं की त्याच्या रिकाम्या घरात शेजारचा उंट येऊन बसतो, आणि तिथून तिरका, पार समोरच्या कोपऱ्यातल्या हत्तीवर नजर लावून राहतो. मधली घरं समोरचा घेईना का. घेऊ दे. तो मध्ये गर्दी करतो, माझा उंट कडेला बसून बघतो.

शिकलेल्या खेळाडूंना ही चाल आवडत नाही. पट मधून धरायचा असतो म्हणतात. असेल. मला कुणी पुस्तकातून शिकवलंच नाही. मी शिकले ती घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात, वडिलांच्या पाठीमागं उभी राहून.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते बाजारात दलाली करायचे. घेणारा एकीकडं, विकणारा एकीकडं, आणि मध्ये दादा, उपरण्याखाली बोटं धरून भाव जुळवणार. दुपारची भाकरी घेऊन मी जायचे. बाजार ओसरला की लिंबाखाली दादा आणि त्यांचे सोबती कापडाचा पट अंथरायचे. मुलीला कोण शिकवतंय, पण बघू नको असंही कुणी म्हणायचं नाही. एकदा सोबती आला नाही तेव्हा दादा म्हणाले, "बस म्होरं. उभी राहून पाय मोडतील." मी बसले आणि पहिलं प्यादं काढलं ते हेच. दादा हसले. "हे कुठनं शिकली?"

"तुमच्याकडनंच," मी म्हणाले.

आणि ते खरं होतं. बाजारात जाणता घेणारा असला तर ज्या बैलावर त्याचं मन असतं त्याच्याकडं तो आधी जातच नाही. कडेला बांधलेल्या एखाद्या गाईचे दात बघतो, भाव विचारतो, नाक मुरडतो. सगळा वेळ तिरकी नजर मधल्या बैलावर. सरळ जाऊन बैलाच्या पाठीवर हात ठेवला की मालक समजला आणि भाव चढला. मी हे लहानपणापासून बघत आलेली. मग पटावर मी तरी सरळ मध्ये कशाला जाऊ?

आता जुन्या खेळातला एक नियम सांगावा लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हल्लीच्या खेळात प्यादं समोरच्या शेवटच्या ओळीत पोचलं की त्याचा वजीर करून घेता येतो, कुठल्याही घरात पोचू दे. आमच्या जुन्या खेळात तसं नव्हतं. ज्या घरात पोचेल त्या घराचा मोहरा. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, उंटाच्या घरात उंट, आणि घोड्याच्या घरात घोडा. माझं लाडकं प्यादं घोड्याच्या पुढचं, ते सरळ चालत गेलं तर समोरच्या घोड्याच्याच घरात पोचणार. म्हणजे त्याचा घोडाच व्हायचा. दादांशी खेळताना मी असे किती घोडे केले असतील.

लग्न होऊन प्रवरेकाठच्या गावात आले. इथं कुणी खेळणारं नव्हतं. दादा गेल्यावर आईनं तो कापडी पट आणि सोंगट्या मला दिल्या, त्या पेटीत पडून राहिल्या. घरात विषयही निघाला नाही कधी. मग नात तिसरीत असताना तिला कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, महिनाभर पळायचं नाही, उड्या नाहीत. आता त्या वयाच्या पोरीला महिनाभर बसवून कसं ठेवायचं सांगा. उसाचा रस पाजून पाजून मी थकले, गोष्टी सांगून संपल्या. शेवटी पेटी उघडली.

कावीळ गेली, खेळ राहिला. शाळेतून आली की दप्तर टाकून ओट्यावर पट. तीही पहिली चाल तीच करायची, घोड्यापुढचं प्यादं. दुसरी तिला ठाऊकच नव्हती. पाचवीत गेली तेव्हा शाळेत खेळाच्या नव्या मॅडम आल्या, त्यांनी मुलींना बुद्धिबळ शिकवायला घेतलं, आणि आमची पोर सगळ्यांना हरवायला लागली. तेव्हा एक दिवस मॅडम स्कूटीवरून घरी आल्या. तरुण बाई, बोलायला मोकळ्या.

"आजी, हिचं डोकं चांगलं आहे. पण ही पहिली चाल तुम्ही शिकवलीय का?"

"व्हय. का, वंगाळ हाय का?"

"वंगाळ नाही. पण कुणी खेळत नाही हो." त्यांनी मोबाईल काढून पट दाखवला, त्यावर अगदी माझीच चाल. "हे बघा, हिला इंग्रजीत एका मोठ्या माकडाचं नाव आहे. ओरांगउटान."

नात तोंडावर हात दाबून हसायला लागली. "आज्जी, तुझी चाल माकडाची निघाली."

"माकड बी झाडावर कडंनंच चढतं," मी म्हणाले.

मॅडमनाही हसू आलं. चहा प्याल्या. निघताना मात्र सरळ माझ्याकडं बघून म्हणाल्या, "चाल राहू दे. तिला जमते तर खेळू दे तिला. पण आजी, नियम तेवढे आताचे पाळा. प्यादं पोचलं की वजीर. घरी घोडा करायला लावू नका. हाताला सवय लागते."

मी म्हणाले, बरं.

पुढं शाळेच्या स्नेहसंमेलनात भेटल्या तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. तेव्हाही मी बरं म्हणाले. दोनदा बरं म्हणाले मी.

आणि घरी येऊन काय केलं? सांगते. नात पाचवीची सहावीत गेली, सहावीची सातवीत, खेळ तिचा वाढत गेला. आता नव्या नियमानं खेळलं तर प्यादं पोचलं की वजीर, आणि वजीर आला की माझा राजा चार चालींत कोपऱ्यात. डाव संपला. ती उठायची, अभ्यासाला, मैत्रिणीकडं, मोबाईलकडं. आणि घोडा केला तर? घोडा बिचारा अडीच घरं उड्या मारत बसतो. डाव दिवेलागणीपर्यंत चालायचा. पोरगा कारखान्यावर, सून अंगणवाडीत, घरी मी आणि टीव्ही. संध्याकाळचे ते दोन तास मला सोडवेनात. म्हणून मी तिला सांगायचे, "शाळेत शाळेचा नियम, घरात घरचा." ती कधी वाद घालायची नाही. प्यादं पोचलं की घोडा उचलायची आणि माझ्याकडं बघायची. मी हसायचे.

ती आठवीत गेली त्या वर्षी तालुक्यात पहिली आली आणि जिल्ह्याच्या स्पर्धेला नाव लागलं. स्पर्धा नगरला. नाव बदललं म्हणतात आता, पाट्याही बदलल्या, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. तिथून पाच मुली निवडणार आणि त्या पुण्याला विभागाच्या स्पर्धेला जाणार. नातीनं अजून पुणं बघितलेलं नव्हतं. नेवासा फाट्यावरच्या दुकानात तिनं एक बॅग बघून ठेवली होती, चाकांची. आईला म्हणाली, पाचात आले तर घेशील ना? सून म्हणाली, घेईन. आणि तिच्या वयाच्या गटातलं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी मोठ्या मुलींच्यात जायचं, तिथं दहावीच्या पोरी. म्हणजे जे काही व्हायचं ते ह्या वर्षीच.

सुनेला रजा मिळेना, पोराचा गळीत हंगाम चालू. मग मी निघाले तिच्याबरोबर. मॅडम बाकीच्या मुली घेऊन पुढं गेल्या होत्या. एसटीत ती मला म्हणाली, "आज्जी, तिथं काय बोलायचं नसतं हां. नुसतं बघायचं."

"मी कशाला बोलंन?"

"तू टीव्हीशी बी बोलतीस."

स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. आत लांब टेबलं, दोन्ही बाजूंनी मुली, मध्ये पट आणि दोन तोंडांची घड्याळं. सकाळीच पंचांनी आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात उभं करून सांगितलं: पालकांनी खिडकीतून बघायचं. आवाज नाही, खूण नाही, खोकलासुद्धा जपून. कुणी पोरीला काही सुचवलं तर त्या पोरीचा डाव हरला धरणार. माणूस पोक्त होता, केस पांढरे, आवाज शांत. मी खिडकीच्या गजाला धरून एक जागा पकडली आणि दिवसभर सोडली नाही.

पाच डाव झाले. ती तीन जिंकली, एक हरली, एक बरोबरीत. शेवटचा सहावा राहिला. मॅडमनी मला हळूच येऊन सांगितलं, "आजी, हा जिंकला तर नक्की पाचात. बरोबरी झाली तर काही सांगता येत नाही."

तिच्या समोर आली कर्जतकडची मुलगी, उंच, लाल रिबिनीच्या दोन वेण्या. आणि खिडकीत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली त्या मुलीची आई. पिशवीत भाजलेल्या शेंगा. मला म्हणाली, "मावशी, तुमची कोन त्यातली?"

"ती निळ्या स्वेटरची. नात हाय."

"माझी तिच्या म्होरं बसली ती. मला ह्यातलं काय बी कळत न्हाई बघा. तिच्या बापाला कळतं, पन तो आला न्हाई. तुमाला कळतं का?"

"थोडं."

"मग सांगत जा मला. शेंगा घ्या."

डाव सुरू झाला. नातीनं घोड्यापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. समोरची पोर ओठ दाबून हसली, बाजूच्या टेबलावरच्या मुलीनंही मान वळवून बघितलं.

"माझी हसली का वो?" आई म्हणाली.

"आमची चाल बघून. हसू द्या."

कर्जतच्या पोरीनं मधली घरं सगळी घेतली. प्यादी, घोडे, सगळा संसार मध्ये मांडला. नातीचा उंट कडेला बसून होता. मी गज धरून बघत होते. बराच वेळ असं काही घडलं नाही, आणि मग त्या पोरीनं एक प्यादं घाईनं पुढं ढकललं. तिरकी वाट मोकळी झाली, आणि नातीचा उंट इकडून जो निघाला तो थेट तिकडच्या कोपऱ्यात हत्तीवर. मला दादा आठवले, पण ते असो.

"मावशी, माझी रडायला आल्यावानी दिसती. काय झालं?"

"तिचा हत्ती गेला."

"हत्ती म्हंजी मोठा का?"

"मोठा हाय."

"आन् तुमचं काय गेलं?"

"उंट."

तिनं मनाशी हिशेब केला. "म्हंजी तुमी फायद्यात." आणि तरी शेंगांची पिशवी माझ्यापुढं धरली.

कर्जतची पोर मात्र चिवट. लढत राहिली. एकेक मोहरा मारामारीत जात गेला, तासाभरानं पटावर उरलं काय, तर दोघींचे राजे आणि दोघींचं एकेक प्यादं. नातीचं प्यादं कुठलं, तर तेच, घोड्यापुढचं, पहिल्या चालीचं. ते चालत चालत पार पुढं गेलेलं. समोरच्या पोरीचं प्यादं दुसऱ्या कडेला, अजून मागं. पंच येऊन त्यांच्या टेबलाशी उभे राहिले, त्यावरून मी समजले की नातीचं घड्याळ संपत आलंय. मी घरं मोजली. आमच्या प्याद्याला एक घर, आणि कर्जतच्या पोरीचा राजा दोन पावलं लांब. त्याला गाठता येणार नव्हतं.

मी त्या बाईच्या हातावर हात ठेवला. "बाई, वाईट वाटून घिऊ नका. आता आमच्या पोरीचा वजीर व्हनार."

"म्हंजी माझी गेली?"

"लेकरू हाय. लई खेळंल अजून."

किती सहज बोलले मी ते.

प्यादं शेवटच्या घरात गेलं. ते घर घोड्याचं. पटाच्या कडेला मारलेले मोहरे ओळीनं उभे होते, वजीर, दोन हत्ती, उंट, घोडे. नातीचा हात त्यांच्यावरून गेला. ती मोहऱ्यांकडं बघतसुद्धा नव्हती, घड्याळाकडं बघत होती. हात वजिरापाशी थांबला नाही. पुढं गेला आणि घोड्याला लागला.

घोडा उचलला आणि पटावर टेकला, मध्ये वीतभर अंतर असेल. तेवढ्यात मी ओरडू शकले असते. वजीर. एवढा एकच शब्द, तोंडाशी आला होता. पण पंच तिच्या शेजारीच उभे. ओरडले तर तिचा डाव गेला, गप्प राहिले तर घोडा होतो. मी पदर तोंडात कोंबला. असं वाटलं, ती एकदा खिडकीकडं बघेल, माझ्या डोळ्यांत तिला दिसेल. ती नेहमी बघायची ना घोडा उचलला की. त्या दिवशी नाही बघितलं. घोडा ठेवला आणि घड्याळ दाबलं.

मग तिचा हात घड्याळावरच राहिला. तिनं तो मागं घेतला नाही. मी तिची मान बघितली. ती मान ताठ झाली.

"झाला का वजीर?" शेजारची विचारत होती.

"न्हाई."

"मग?"

"घोडा झाला."

"घोडा मोठा का वजीर मोठा?"

 मी खालीच बसले, चपलांच्या ढिगाशेजारी.

"मावशी, अवो, काय झालं? पानी आनू का?"

पुढचं मी बघितलं नाही, तीच मला वरून सांगत राहिली, तिला कळत होतं तसं. घोड्यानं उडी मारली. तिच्या पोरीचं प्यादं पळायला लागलं. नातीचा राजा धावत जाऊन त्याच्यापुढं उभा राहिला, मग ते मारलं. "आता माझ्या पोरीजवळ काय बी राहिलं न्हाई, नुसता राजा," ती घाबरून म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मावशी, दोघी हात मिळवायला लागल्या."

नुसत्या घोड्यानं मात होत नाही. बरोबरी, दोघींना अर्धा-अर्धा गुण.

मुली बाहेर यायच्या आधीच मी पंचांना दारात गाठलं. मला माहीत होतं की उपयोग नाही, तरी गेले. म्हणाले, "साहेब, तिला वजीरच करायचा होता. आमच्या जुन्या खेळात घोड्याच्या घरात घोडा व्हतो, मी तसंच खेळवलं तिला. तिची चूक न्हाई."

त्यांनी चष्मा काढला. "आजी, मी बी लहानपणी तसाच खेळलोय. गावाकडं आमच्यात तसंच होतं."

"मग तुमाला कळतंय ना."

"कळतंय. पण घोडा पटाला टेकला ना." चष्मा पुसून त्यांनी परत लावला. मग त्यांना आतून कुणी बोलावलं.

निकालाचा कागद भिंतीवर लागला तेव्हा गर्दीत मला वाचता येईना. मॅडम वाचून आल्या. नात सहावी. कर्जतची पोर त्या अर्ध्या गुणावर पाचवी.

मॅडम नातीला म्हणाल्या, रागावून नाही, पण म्हणाल्या, "तुला माहीत होतं ना वजीर करायचा?"

"होतं."

"मग?"

मी मध्ये पडले.

"मॅडम, ते माझ्यामुळं झालं," मी म्हणाले. "तुमी दोनदा सांगितलं व्हतं. मी ऐकलं न्हाई."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता चार शब्द ऐकवतील, आणि ऐकवावेत असंच वाटत होतं. पण त्या नुसत्या म्हणाल्या, "आजी, कुणामुळं का होईना. यादी गेली आता." आणि दुसऱ्या मुलींची माणसं आली होती, त्यांच्याकडं वळल्या.

कर्जतची बाई जाताना माझ्याकडं आली. लेक पाचात आलेली, आनंद तोंडावर फुटलेला, आणि तो माझ्यापुढं कुठं लपवावा हे तिला कळत नव्हतं. "मावशी, मला तर अजून कळलं न्हाई काय झालं ते," म्हणाली, आणि उरलेल्या शेंगा पिशवीसकट माझ्या हातात देऊन गेली.

परतीच्या एसटीत आम्हाला मागची जागा मिळाली. इमामपूरचा घाट उतरून जाईपर्यंत तिची पाठच माझ्याकडं. खिडकीकडं तोंड. मी शेंगा सोलून तिच्या ओंजळीत ठेवत होते, ती खातही नव्हती आणि टाकतही नव्हती. शेवटी मीच म्हणाले, "बाय, चूक माझी हाय. मॅडमनी मला सांगितलं व्हतं घरी घोडा करू नका म्हणून. मी आपल्या सोयीसाठी तुला जुन्या नियमानं खेळवत राहिले. वजीर केला की तू लगेच उठून जायचीस ना."

"मला माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"मॅडमनी मला बी सांगितलेलं. म्हणाल्या, स्पर्धा होईपर्यंत आजीबरोबर खेळू नको."

मला हे नवीन होतं. "मग खेळलीस का?"

तिनं खांदे उडवले. "तू पट मांडून बसलेली असायचीस."

मी आणखी एक शेंग सोलली. मग तीच म्हणाली, खिडकीकडं बघत, "सहावीत असताना मी एकदा वजीर केला होता. आठवतंय का तुला? तू काय बोलली न्हाईस. सोंगट्या गोळा केल्यास आन् भांडी घासायला गेलीस. संध्याकाळभर बोलली न्हाईस. मग मी परत कधी केला न्हाई."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, आणि अजूनही आठवत नाही. मी समजत होते की मी तिला दोन तास धरून ठेवतेय. पोर अकरा-बारा वर्षांची, ती मला सांभाळत होती, आणि सांभाळता सांभाळता तिच्या हाताला ती सवय लागली.  मी तिचा हात घ्यायला गेले तर त्यात शेंगा होत्या.

सून फाट्यावर घ्यायला आली होती. आमची तोंडं बघून तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. नातच म्हणाली, "सहावी आले. पाच घेतल्या." सून म्हणाली, "बरं, गाडीवर बस, ऊन ऊन पिठलं केलंय." चाकांच्या बॅगेचं नाव दोघींपैकी कुणी काढलं नाही. मी काढायला गेले, "बॅग मी घेऊन देते तुला," तर नात म्हणाली, "कशाला आज्जी? कुठं जायचंय?"

त्यानंतर महिनाभर तिनं पटाला हात लावला नाही. रागावली असं नाही. जेवायला वाढायची, डोक्याला तेल लावून घ्यायची, शाळेतलं सांगायची. खेळायचं म्हटलं की "नंतर." मीही पट मांडून बसायचं सोडलं. आता मला कळलं होतं ना, मांडून बसलं की काय होतं ते.

मग एकदा मॅडमनी तिला पुन्हा शनिवारी सरावाला बोलावलं, मोठ्या गटाची तयारी. दोनदा जाऊन आली. मी विचारलं, "पहिली चाल कोणती करतीस आता?"

"राजापुढचं प्यादं."

"मॅडम म्हणाल्या का?"

"न्हाई. त्या म्हणाल्या, तुझी चाल तू खेळ." भाजीची जुडी निवडत होती, देठ मोडत मोडत म्हणाली, "मीच न्हाई खेळत. ते प्यादं पुढं जायला लागलं की मला भ्या वाटतं. हात काय उचलंल सांगता येत न्हाई."

चाल गेली ह्याचं मला फार नाही वाटलं. माकडाची का असेना, चाल कुणाची तरी राहील. पण तिचा हात. तो चांगला हात होता हो, कधी न घाबरणारा.

त्या दिवशी मी पट काढला आणि सगळ्या सोंगट्या बाजूला ठेवल्या. नुसतं ते एक प्यादं मांडलं, शेवटच्या घराच्या एक घर अलीकडं. कडेला वजीर, हत्ती, उंट, घोडा. तिला म्हणाले, "खेळायचं न्हाई. एवढंच करायचं. प्यादं पोचव आन् वजीर उचल."

तिला कळलं. वजीर उचलून ठेवला. "झालं?"

"परत."

तेव्हापासून रोज करतो. अभ्यासाला बसायच्या आधी दहा वेळा, पंधरा वेळा. मी कधी मोहऱ्यांची ओळ उलटी लावते, कधी घोडा मुद्दाम जवळ ठेवते, कधी तिच्याशी दुसरंच बोलत राहते, की आज भाजी काय, आई कधी येणार. मॅडमना विचारलं, ह्यानं सवय जाते का? त्या म्हणाल्या, जाईल, करत राहा. त्यांनाही नक्की ठाऊक नसावं. घातलेली सवय काढायची कशी, हे दादांनी मला शिकवलं नव्हतं, आणि त्यांना तरी कुठं लागलं होतं ते.

ती एकदाही चुकलेली नाही. प्रत्येक वेळी वजीरच उचलते. पण उचलायच्या आधी तिचा हात हवेत थांबतो. अगदी थोडा. बघणाऱ्याला कळायचंही नाही, मला कळतं. घड्याळ लावलेलं असतं तर तेवढं थांबणं परवडलं नसतं. काल पंधराव्यांदा केलं तेव्हाही थांबला. मग वजीर ठेवला आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

मी हसले नाही. प्यादं उचलून परत एक घर मागं ठेवलं.